पावसाळाभर उभ्या गाडीचा क्लच चिकटला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडील पावसाळ्यात मुलाकडे मुंबई-पुण्याला जातात आणि घरची गाडी गावी मांगरात (शेताच्या-घराच्या कडेच्या शेडमध्ये) उभी राहते. गणपतीला घर उघडतं, अंगण झाडून होतं, गाडीवरची ताडपत्री निघते. बॅटरीला जोडणी देऊन सेल्फ मारला की इंजिन छान लागतं. मग क्लच दाबून पहिला टाकायला जावं, तर गिअर पडतच नाही. रिव्हर्सला नुसता कर्रर्र आवाज. कोकणात गाड्यांची कामं करताना दरवर्षी भाद्रपदात मला सगळ्यात जास्त फोन याच कारणाने येतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर घाटावरच्या कोरड्या गावांतूनही येत होते. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी अर्धा तास स्वतः तपासा. चार वेगवेगळे बिघाड वरवर सारखेच दिसतात आणि त्यातल्या तिघांना गिअरबॉक्स उतरवायची सहसा गरज नसते.

क्लच चिकटतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

इंजिनच्या टोकाला बिडाचं जड चाक असतं, ते फ्लायव्हील. त्याला टेकून क्लच प्लेट आणि तिच्या पाठीमागे प्रेशर प्लेट. तुमचा पाय पेडलवर नसतो तेव्हा प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला काहीशे किलोंच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते. म्हणजे गाडी उभी असताना क्लच प्लेट दोन बिडाच्या पृष्ठभागांमध्ये, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी दाबलेली असते. रात्रंदिवस, महिनोन् महिने.

बीड गंजतं. प्लेटवरचं लायनर तंतू आणि राळेचं असतं, ते ओल धरून ठेवतं. तीन-चार महिने दमट हवा मिळाली की गंज लायनरच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि दोघांना एकमेकांत रुजवून टाकतो. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट जेमतेम एक-दोन मिलिमीटर मागे सरकते. एरवी तेवढ्यात क्लच प्लेट मोकळी होते. आता मात्र ती फ्लायव्हीलला धरून बसलेली असल्यामुळे इंजिनबरोबर फिरतच राहते आणि गिअरबॉक्सलाही फिरवत ठेवते. फिरत्या दातांत गिअर पडणार कसा?

असा एक क्लच उघडला की समजून जातं. फ्लायव्हीलवर तांबूस वर्तुळ उमटलेलं असतं आणि त्यात लायनरच्या खाचा, रिबिटांची भोकं, सगळं ओल्या मातीवर उमटलेल्या पावलासारखं स्पष्ट दिसतं. कधी लायनरचा तुकडाच बिडाला चिकटून राहिलेला असतो.

इंजिन चालू होतं, गिअर पडत नाही. प्लेटच चिकटली हे कशावरून ओळखायचं?

आधी इंजिन बंद करा. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. बंद इंजिनावर सगळे सहज पडतात, इंजिन चालू केलं की एकही पडत नाही आणि पेडल पायाला नेहमीसारखं लागतंय, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर प्लेट चिकटल्याची शक्यता फार मोठी.

बंद इंजिनावरही गिअर पडत नसेल तर क्लचला दोष देऊ नका. गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबली किंवा सांधे गंजून अडकलेले असतात. ते काम वरून होतं, थोडक्यात होतं.

अजून एक खूण. इंजिन बंद, गाडी सपाटीवर, हँडब्रेक खाली. न्यूट्रलमध्ये दोघांनी ढकलली तर गाडी हलते, पण पहिल्या गिअरमध्ये पूर्ण क्लच दाबूनही ती जागची हलत नाही, इंजिनचा अडसर जाणवतो. याचा अर्थ क्लच सुटत नाहीये. का सुटत नाही, हे पुढे पेडल सांगेल.

पेडल काय काय सांगतं?

बरंच काही सांगतं, आणि तरी बहुतेक जण त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. बूट काढून, अनवाणी पायाने पेडल हळू दाबा आणि हळू सोडा. पाच-सहा वेळा.

नेहमीइतकं जड, नेहमीइतकंच वर येणारं पेडल असेल तर दाब प्रेशर प्लेटपर्यंत पोहोचतोय, अडचण पुढे प्लेटमध्ये आहे. पेडल मऊ पडलं, खाली जाऊन तिथेच राहिलं किंवा पायाने वर ओढावं लागलं तर ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये (यात पायाचा दाब केबलऐवजी ब्रेक ऑइलने पुढे पोहोचतो) हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलं आहे. पेडल दगडासारखं घट्ट झालं असेल तर केबल, रिलीज बेअरिंग (प्रेशर प्लेटची स्प्रिंग दाबणारं बेअरिंग) किंवा त्याला ढकलणारा क्लचचा फोर्क गंजला आहे. आणि दाबता दाबता 'खाड्' आवाज होऊन पेडल एकदम हलकं झालं, तर केबल तुटली.

आणि पेडलच्या खाली हात घालून पाहाच. एका काकांची गाडी शहरातल्या एका गॅरेजने क्लच सेट बदलायला सांगून परत पाठवली होती. काकांनी पैसेही बाजूला काढून ठेवले होते. मी पाहिलं तर नवीन घेतलेली जाड मॅट गुंडाळून पेडलच्या मागे गेलेली. पेडल पूर्ण दाबलंच जात नव्हतं. मॅट काढली, गाडी गेली. कष्टाचे पैसे असे उगाच जाताना पाहिले की जीव तुटतो. म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय.

पेडल खालीच राहतं. हे घरी बघता येईल का?

तपासता येईल. बॉनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकला ऑइलचा डबा एकच असतो आणि क्लचची नळी त्या डब्याला थोडी वरच्या अंगाला जोडलेली असते. ऑइल उतरलं की आधी क्लच जातो, ब्रेक राहतो. अशी रचना मुद्दाम केलेली आहे. म्हणून क्लच मऊ पडला आणि डब्यात ऑइल कमी दिसलं तर ती ब्रेकसाठीही धोक्याची सूचना समजा. ऑइल गेलं कुठे, हे सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

गळती दोन ठिकाणी शोधा. एक, आत पेडलच्या वर, जिथे मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचा, दांडा घुसतो. तिथे बोट फिरवा, गालिचा हुंगा. दुसरी, खाली गिअरबॉक्सपाशी, स्लेव्ह सिलिंडरच्या, म्हणजे त्या ऑइलच्या दाबाने फोर्क ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, रबरी टोपीत. टोपीचा काठ जरा उचलला की साचलेलं ऑइल थेंबाने बाहेर येतं.

हे रबर उभ्या गाडीत का जातं? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर त्याची मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची तीच मर्यादा २०५ वरून १४० वर. उकळणं हा ब्रेकचा प्रश्न झाला. क्लचच्या बाबतीत त्याच ओलीने सिलिंडरच्या आत गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि पेडल पहिल्यांदा दाबलं की रबराची कड त्या खड्ड्यांवर घासून फाटते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणाऱ्यांच्या गाडीत हे सहसा होत नाही.

पेडल भराभर आठ-दहा वेळा मारल्यावर गिअर पडायला लागला तर हवा किंवा रबर, हे नक्की. प्लेट चिकटलेली असती तर पेडल कितीही मारून फरक पडला नसता. हवा काढायला दोन माणसं, एक पारदर्शक नळी आणि अर्धी बाटली ऑइल पुरतं. डब्यात इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, सगळी रबरं फुगतात, ब्रेकचीसुद्धा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर तो रंग निघून येतो.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच, बेअरिंगबरोबर एकत्र बसवलेला असतो. तो गळत असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

पेडल घट्ट झालंय. जोर लावून दाबू का?

नको. मारुती ८०० आणि अल्टोसारख्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो. केबलच्या आवरणात पाणी शिरून आतल्या तारा गंजतात. जोर लावला की तारा एकेक करून तुटतात, आणि शेवटची तार नेमकी घाटात तुटते. केबल गिअरबॉक्सच्या टोकाकडून सोडवा आणि पेडल हाताने हलवून पाहा. पेडल हलकं झालं तर दोष पुढे फोर्कमध्ये, तसंच घट्ट राहिलं तर केबलमध्ये. जुन्या केबलला तेल पाजून काही दिवस निघतात, पण नवी केबल स्वस्त असते आणि तिच्यावर तुमचा प्रवास अवलंबून असतो. बदलून टाका.

गिअर पडतो, पण क्लच सोडला की गाडी हलत नाही, इंजिन बंद पडतं. हाही क्लचच का?

नाही! गिअर पडतोय म्हणजे क्लच सुटतोय. क्लच सोडल्यावर इंजिन बंद पडतंय म्हणजे तो पकडतोही आहे. तुमचा क्लच ठणठणीत आहे. अडकली आहेत ती मागची चाकं.

जाताना हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो. पावसाळ्यात मागच्या ड्रमला लायनर गंजाने चिकटतात. क्लचमध्ये जे घडतं तेच इथे घडतं, फक्त जागा वेगळी. ओळख सोपी: न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली करूनही गाडी ढकलली जात नाही. पहिल्यात हळू क्लच सोडला तर गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि तिथेच अडतो. पुढच्या चाकांना पुढूनमागून दगड लावा, मागचं चाक जॅकवर घ्या, चाक काढा आणि ड्रमच्या कडेला लाकडी हातोड्याने सगळीकडून ठोका. 'टण्' असा आवाज होऊन ड्रम सुटतो. गाडी जॅकवर असताना खाली डोकं घालू नका.

फोनवर 'क्लच चिकटलाय' म्हणून येणाऱ्या तक्रारींत या गाड्या बऱ्याच असतात.

मेस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. हो म्हणू?

त्यांना एकच विनंती करा: "मी पेडल दाबतो, तुम्ही खालून फोर्क बघा." स्लेव्ह सिलिंडरचा दांडा किंवा केबल फोर्कला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर ढकलताना दिसायला हवी. फोर्क पुरेसा हलत नसेल तर दोष बाहेर आहे, गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. फोर्क व्यवस्थित हलतोय आणि तरी क्लच सुटत नाही, तेव्हाच दोष आत. चांगला मेस्त्री ही तपासणी तुम्ही न सांगता करतो, आणि तुम्ही विचारलंत म्हणून रागावत नाही.

आत दोष असला तरी आधी सोडवून बघायचं. उतरवणं हा शेवटचा मार्ग. आणि उतरवलाच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. खरा खर्च मजुरीचा असतो. थोडे पैसे वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं आणि ते सहा महिन्यांत ओरडायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हील उघडं असताना त्यावरचा गंज घासून घ्या, खड्डे खोल असतील तर लेथवाल्याकडे नेऊन विचारा.

चिकटलेली प्लेट घरच्या घरी कशी सोडवायची?

सौम्य उपायापासून सुरुवात करा.

पहिला उपाय उष्णतेचा. गाडी उघड्यावर काढा, ढकलून काढावी लागली तरी चालेल. बंद मांगरात इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. न्यूट्रलमध्ये इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या. फ्लायव्हील तापतं, बीड थोडं प्रसरण पावतं, आतली ओल सुकते. मधूनमधून क्लच पूर्ण दाबून इंजिनचा वेग वाढवा आणि अॅक्सिलरेटर झटकन सोडा. हलकी चिकटलेली प्लेट एवढ्यावर सुटते.

नाही सुटली तर गरम इंजिन बंद करा, क्लच पूर्ण दाबा आणि पेडल व सीट यांच्यामध्ये लाकडी फळी अडकवून रात्रभर तसाच ठेवा. प्रेशर प्लेटचा दाब निघालेला असतो, गरम-थंड होण्याच्या हालचालीत प्लेट कधीकधी आपोआप सुटते. सकाळी फळी काढून पुन्हा तपासा. हा उपाय निरुपद्रवी आहे. पुढचा करण्याआधी एक रात्र धीर धरा.

त्यानंतरचा उपाय झटक्याचा. यात गाडी सेल्फ मारताच पळते, म्हणून आधी ब्रेक तपासा. पेडल घट्ट आहे, गाडी ढकलून ब्रेक दाबला तर थांबते, हे डोळ्यांनी बघा. शंभर-दीडशे मीटर मोकळं, सपाट मैदान हवं. समोर माणूस, गुरं, भिंत, विहीर काही नको. पोरांना बघायला उभं करू नका.

इंजिन आधी गरम करून बंद करा. पहिला गिअर टाका, हँडब्रेक खाली, क्लच पूर्ण दाबलेला, उजवा पाय ब्रेकच्या जवळ. सेल्फ मारा. गाडी हिसका देऊन निघेल आणि इंजिन लागेल. क्लच दाबलेलाच ठेवा, सोडू नका. आता अॅक्सिलरेटर दाबा आणि लगेच सोडा, दाबा आणि सोडा. दर वेळी प्लेटला एकदा पुढे, एकदा मागे पीळ बसतो. चार-पाच वेळा करूनही सुटली नाही तर वेग कमी असतानाच ब्रेक कचकन दाबा. एक तर इंजिन बंद पडेल, नाहीतर प्लेट सुटेल. सुटली की लगेच कळतं: इंजिनचा आवाज मोकळा होतो आणि गाडी नुसती घरंगळते. तो क्षण आला की पाय आपोआप सैल पडतात, पण क्लच दाबलेलाच ठेवून आधी गाडी थांबवा.

तीन-चार प्रयत्नांत सुटली नाही तर थांबा. जास्त झटके दिले तर क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा निखळतात किंवा लायनर फाटतं.

हा झटक्याचा उपाय कुणी करू नये?

गाडी नवीन शिकलेल्याने. उतारावर किंवा अरुंद पाखाडीत गाडी असणाऱ्याने. ब्रेकबद्दल जरासाही संशय असणाऱ्याने. तसंच अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं. ते महाग असतं आणि असले झटके त्याला सोसत नाहीत. तुमच्या गाडीत ते आहे का हे आधी विचारून घ्या. एएमटी (आपोआप गिअर बदलणाऱ्या, क्लच पेडल नसलेल्या) गाडीतही आत साधीच क्लच प्लेट असते आणि तीही चिकटू शकते, पण तिथे क्लच यंत्र दाबतं. तिच्यावर हे प्रयोग करू नका, सर्व्हिस सेंटरला कळवा.

गंज सोडवणारा स्प्रे आत मारू का?

अजिबात नको. लायनरला तेल लागलं की प्लेट सुटेल, पण नंतर पकडणार नाही. घाट चढताना इंजिन ओरडेल, गाडी चढणार नाही. फोर्कच्या बाहेरच्या सांध्यावर आणि केबलच्या टोकावर मारायला हरकत नाही.

ट्रॅक्टरने टोचन करून हिसका दिला तर?

गावात हा सल्ला हमखास मिळतो. दोर लावलेल्या गाडीला तुमच्या हिशेबाने थांबता येत नाही, दोर किंवा हुक तुटून माणसाला लागतो आणि चुकीच्या गिअरमध्ये मागे ओढली गेली तर काही इंजिनांचा टायमिंग बेल्ट दात सोडतो. गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर न्यूट्रलमध्ये टोचन करा. चिकटलेल्या क्लचला त्याने काही होत नाही.

प्लेट सुटली, पण गाडी निघताना थरथरते. बिघडली का?

पहिले काही दिवस थरथरणारच. फ्लायव्हीलवर गंजाचं वर्तुळ असतं, ते लायनरने घासून निघायला वेळ लागतो. शे-दोनशे किलोमीटरमध्ये कमी होत गेलं तर काळजी नको. वाढत गेलं, किंवा निघताना आतून खडखड आवाज आला तर लायनरचा तुकडा उडालेला असू शकतो.

क्लच स्लिप मारतोय का हे एकदा पाहून घ्या. मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड चांगली. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करा, पुन्हापुन्हा केली तर प्लेट जळते.

आणखी एक शक्यता: प्लेट फ्लायव्हीलपासून सुटली, तरी मधल्या शाफ्टच्या खाचांवर गंजामुळे सरकत नसेल. मग पुढचे गिअर पडतात, पण रिव्हर्स टाकताना कर्र वाजतं. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. आठवडाभर चालवून आवाज गेला नाही तर दाखवा.

गाडी पुराच्या पाण्यात होती. तिचं काय?

तिला सेल्फसुद्धा मारू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात. अशा पुरात बुडालेल्या गाड्यांत इंजिनात पाणी असण्याची भीती क्लचपेक्षा मोठी. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीला आधी फोटो पाठवा, टोचन करून न्या. क्लचच्या बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणात) गाळ शिरलेला असतो, तिथे सोडवण्याचे प्रयोग न करता उघडून साफ करणंच योग्य. हे काम लांबवू नका. ओला गाळ चार दिवसांत जे नुकसान करतो ते नुसती दमट हवा चार महिन्यांत करते.

बुलेटचाही क्लच चिकटतो का?

चिकटतो, पण ते दुखणं वेगळं. तिथे प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. महिनाभर उभी राहिली की थंड, दाट ऑइलने त्या एकमेकींना धरतात. पहिला टाकला की 'खट्' होऊन गाडी उडी मारते. जुने बुलेटवाले चावी न लावता क्लच दाबून तीन-चार किका मारायचे आणि मग गाडी चालू करायचे, ते याचसाठी. किक नसेल तर गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि गाडी पुढेमागे हलवा.

ट्रॅक्टर पेरणीनंतर उभाच होता, आता क्लच सुटत नाही.

बऱ्याच ट्रॅक्टरना पेडलजवळ क्लच दाबून अडकवायची कडी किंवा आकडा असतो. तो नेमका यासाठीच दिलेला असतो: हंगाम संपला की क्लच दाबून त्यात अडकवून ठेवायचा. पुस्तिकेत लिहिलेलंही असतं. तुमच्या ट्रॅक्टरला आहे का बघा.

सोडवण्याची रीत कारसारखीच, पण मागे रोटाव्हेटर, ट्रॉली काही जोडलेलं नको आणि पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) बंद हवा. एक गोष्ट हात जोडून सांगतो. खाली जमिनीवर उभं राहून, सेल्फच्या टोकांना पाना लावून ट्रॅक्टर चालू करू नका. गिअरमध्ये असलेला, क्लच न सुटणारा ट्रॅक्टर त्याच क्षणी निघतो आणि त्याचं मागचं चाक तुमच्याच बाजूला असतं. सीटवर बसूनच चालू करा, मग दुसरं कितीही घाईचं काम असो.

शेजारचे भाऊ दर आठवड्याला सेल्फ मारत होते. तरी कसा चिकटला?

त्यांनी बॅटरी जपली, इंजिन जपलं. पण न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता चालू केलेल्या गाडीत क्लच प्लेट फ्लायव्हीलबरोबरच फिरते, सुटत कधीच नाही. त्यांना एवढंच सांगा: चालू केल्यावर क्लच पंचवीस-तीस वेळा पूर्ण दाबा-सोडा, आणि जमलं तर पंधरवड्यातून एकदा गाडी रस्त्याच्या फाट्यापर्यंत नेऊन आणा. इंजिन पूर्ण तापेल एवढी चालवली की आतली ओल निघून जाते. पाच मिनिटं चालू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ते वेगळंच.

पुढच्या पावसाळ्यासाठी गाडी कशी ठेवून जाऊ?

निघायच्या दिवशी गाडी धुऊन लगेच उभी करू नका, हीच चूक सगळ्यात जास्त होते. स्वच्छ गाडी झाकून ठेवावी असं वाटतं, आणि ते पाणी बेल हाउसिंगमध्ये, ड्रममध्ये तसंच राहतं. आदल्या दिवशी धुवा, मग दहा-पंधरा किलोमीटर चालवा, भरपूर गिअर बदला, ब्रेक मारा, आणि गरम असतानाच जागेवर लावा.

मातीच्या जमिनीवर उभी करत असाल तर खाली जाड प्लास्टिक अंथरा. जमिनीतून वर येणारी वाफ थेट गिअरबॉक्सच्या पोटाला लागते. वरून मात्र प्लास्टिक नको, कापडी कव्हर घाला. ताडपत्री असेल तर ती गाडीला गुंडाळू नका, वर बांबूवर ताणून मांडवासारखी बांधा, बाजूंनी वारा खेळू द्या. हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्हीकडून दगड लावा.

केबलचा क्लच असेल तर फळी लावून पेडल दाबून ठेवता येतं. ऑइलच्या क्लचमध्ये मी ते सुचवत नाही, चार महिने दाबाखाली राहिलेलं रबर गळायला लागतं. तिथे पंधरवड्याने गाडी हलवणारा माणूसच हवा. चावीबरोबर त्या माणसाला एक चिठ्ठी देऊन ठेवा, आणि चिठ्ठीत पहिल्याच ओळीत लिहा की गाडी गिअरमध्ये आहे, आधी न्यूट्रल करून मगच सेल्फ मारावा.